सुपरकपॅसिटर या वीज साठवणाऱ्या उपकरणासाठी करवंटीचाच कोळसा का? चुलीतला का चालत नाही?

चुलीतल्या कोळशाची बरीचशी छिद्रं डांबरासारख्या अवशेषांनी बुजलेली असतात. सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठते ती कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या आयनांमुळे (द्रावणातल्या विद्युतभारित कणांमुळे), म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितकं चांगलं.

करवंटी घट्ट आणि कठीण. ती आधी हवा न लागू देता जाळतात, मग 800-900 अंशांवर वाफ सोडतात. वाफ कार्बन आतून पोखरत जाते आणि 2 नॅनोमीटरहूनही अरुंद छिद्रं तयार होतात. अशा 1 ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग सुमारे 1600 चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळपास बारा कबड्डीची मैदानं! चिमूटभर काळ्या पुडीत एवढं मावतं, याचं मला आजही नवल वाटतं.

पण नुसता पृष्ठभाग मोजून भागत नाही, छिद्राचं माप आयनाशी जुळायला हवं. फार अरुंद छिद्रात आयन शिरतच नाही. मात्र 2006 साली सिमाँ, गोगोत्सी या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की 1 नॅनोमीटरखालच्या छिद्रांत धारिता (वीज साठवण्याची क्षमता) उलट वाढते, कारण आत शिरताना आयन भोवतीचं द्रावकाचं (ज्या द्रवात तो विरघळलेला असतो त्याचं) कवच काही अंशी उतरवून ठेवतो.

घरी सुपरकपॅसिटर करून बघणार असाल तर ॲक्वेरियमच्या दुकानातला ॲक्टिव्हेटेड कार्बन (असाच बारीक छिद्रं पाडलेला कोळसा) बारीक वाटून घ्या, चुलीतल्या कोळशापेक्षा तो कितीतरी बरा.