बायको-मुलाला परदेशी न्यायचंय. लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला तिकडे चालायला काय करावं लागतं? कोल्हापूरहून दिल्लीला जावं लागेल का?

दादा, दिल्लीला जावं लागत नाही. पण कुठल्या देशात जाताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं.

१९६१ चा हेग करार म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याचा करार. त्यातल्या देशांत अपोस्टिल पुरतं, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. भारत या करारात २००५ ला आला. ओमान, सौदी, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत, २०२४ पासून कॅनडाही. दुबई, कुवेत, कतारसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. जर्मनीला जात असाल तर आधी तिथल्या कचेरीला विचारा. तो देश करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतली होती, म्हणून आपलं अपोस्टिल तिथे धरत नाहीत.

रस्ता असा: महापालिकेचा मूळ दाखला, त्यावर मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. हेही काम मुंबईत होतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, एजन्सीचे पैसे वेगळे. कोल्हापुरातला एजंट मोठी रक्कम सांगेल तेव्हा त्यातलं सरकारी किती, हे लिहून मागा.

आता खरं सांगायचंय ते. मिस्टरांना मस्कतला नोकरी लागली, तेव्हा मी लेकाचा दाखला घाईनं मुंबईला पाठवला. राज्याचा शिक्का व्यवस्थित बसून आला. नंतर एका संध्याकाळी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे लग्नात माझं नाव बदललं होतं. पासपोर्टवर आणि विवाह नोंदणीच्या नमुना 'ई' वर माहेरचं नाव, आणि लेकाच्या दाखल्यावर आई म्हणून सासरचं. कागदोपत्री मी माझ्याच लेकाची आई नव्हते! त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिक्के मारणाऱ्या कुणीच हे पकडलं नाही, आणि ते त्यांचं कामही नव्हे. प्रत्येक शिक्का फक्त त्याच्या आधीची सही खरी आहे एवढंच सांगतो. मजकुराची जबाबदारी कुणी घेत नाही. चूक उघडी पडते ती व्हिसाच्या टेबलावर, सगळे पैसे भरून झाल्यावर.

दुरुस्ती इथेच झाली. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि पासपोर्टची प्रत दिली. तीन खेपा पडल्या, पण नवा दाखला मिळाला. जुन्यावरचा शिक्का वाया गेला, मुंबईची फेरी पहिल्यापासून करावी लागली.

म्हणून आज रात्रीच तुमचा पासपोर्ट, वहिनींचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि बाळाचा दाखला टेबलावर मांडा. इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून बघा, जन्मतारीखही. दाखला जुना, हाताने लिहिलेला असेल तर संगणकाचा नवा काढून घ्या. आणि कुठलाही कागद लॅमिनेट करू नका. अपोस्टिलचं स्टिकर कागदावरच चिकटवावं लागतं, प्लास्टिकवर नाही.