मला एकट्यालाच वेगळं का शिकवतायत?

"बाकीच्यांना मूल्यमापनाचं सत्र आणि मला एकट्याला 'कृती बोलून दाखवा'. मी काय ढ आहे का, मॅडम?" खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांनी विचारलं. १४ वर्षं प्रॅक्टिस केलेले, आता दंतमहाविद्यालयात शिकवणारे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आधी प्रत्येकाची चाचपणी झाली, मग ज्याची जी गरज तशी आखणी.

मी समुपदेशक, हा सल माझ्याकडे फार येतो. शाळेत वेगळं बसवणं ही शिक्षा असायची, ती चाळिशीतही टोचते.

मी समजावत बसले नाही. टेबलावरचं पेन पुढे केलं. "हे तुमचं हँडपीस, दात कोरायचं यंत्र. वरच्या दाढेतली कीड आरशात बघून कशी काढायची, सांगा. मला यातलं काही कळत नाही."

पेन हातात येताच त्यांची अनामिका आपसूक टेबलाच्या कडेवर टेकली. "असं धरायचं... मग असं."

"असं म्हणजे?"

पुन्हा "असं". मग त्यांचंच लक्ष त्या बोटाकडे गेलं. "हे शेजारच्या दातावर टेकवायचं, म्हणजे कोरणारं टोक, बर, घसरत नाही." थोडं थांबून म्हणाले, "हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही."

हात बसला की पायऱ्या जाणवेनाशा होतात. ही अडचण मुरलेल्या माणसाचीच. शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या, हाताचं कौशल्य शिकवण्याच्या पद्धतीत चार टप्पे आहेत: शिक्षक न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग तेच सावकाश, बोलत, मग विद्यार्थी सांगतो, शिक्षक करतो, शेवटी विद्यार्थी सांगत स्वतः करतो. डॉक्टर पहिल्यात पटाईत, दुसऱ्यात अडकलेले. तिसरा मला विशेष मोलाचा वाटतो, कारण आपण काय सांगायचं राहिलं ते तिथे शिक्षकाला ऐकू येतं.

त्यांचा राग मात्र अगदीच अनाठायी नव्हता. चाचपणीत काय दिसलं, हे कुणी समोर बसून सांगितलंच नव्हतं. वेळापत्रकात नाव तेवढं वेगळं पडलं. अशाने माणूस दुखावणारच. म्हणून प्रशिक्षकांना थेट विचारायला सांगितलं: माझ्यात काय दिसलं, काय बदलायचं, पुन्हा कधी बघणार?

पुढच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर स्वतःच्या तासाचं चित्रीकरण दाखवलं. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, दाढ कोरता कोरता ते बोलत होते, अडखळत, पण बोलत होते. मध्येच थांबून एका विद्यार्थिनीला म्हणाले, "मी उजवा, म्हणून तोंडाभोवती घड्याळ धरलं तर नऊच्या जागी बसलोय. तू डावखुरी आहेस ना? तू तीनच्या जागी ये, तुझ्यासाठी पुन्हा सांगतो."