आधी कोणाची इमारत उभी राहणार?

तीनशे-सव्वातीनशे चौरस फुटांची घरं आणि ती बांधण्यासाठी महापालिका, प्राधिकरण आणि विकासक यांच्यात होणारे करार, याविषयी आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. प्रश्न मात्र त्यांच्याच शब्दांत, थोडे आटोपते करून दिले आहेत.

प्रश्न : पंतप्रधान आवास योजनेच्या सोडतीत आम्हाला घर लागलं आहे. जमीन महापालिकेची, बांधणार खासगी विकासक. घरचे म्हणतात, महापालिका मध्ये आहे म्हटल्यावर कागद कशाला वाचत बसायचे? त्यांचं बरोबर आहे का? (गृहिणी, पुणे जिल्हा)

ताई, कागद वाचाच. महापालिका मध्ये आहे म्हणून तर जास्त नीट वाचा, कारण अशा योजनेत जबाबदारी कोणाची हे पटकन कळत नाही.

पहिलं शोधायचं ते हे, की बांधणारा कंत्राटदार आहे की विकासक. कंत्राटदाराला झालेल्या कामाचे पैसे मिळतात आणि घर महापालिकाच तुम्हाला विकते. उशीर झाला तर भांडण थेट महापालिकेशी. विकासक असेल, तर बहुधा त्याला त्याच जमिनीवर काही बांधकाम बाजारभावाने विकायची मुभा असते आणि त्याची कमाई तिथून होते. साहजिकच त्याचा जीव त्या विक्रीच्या इमारतीत अडकलेला असतो. तुमच्या करारनाम्यावर 'प्रवर्तक' म्हणून, म्हणजे घर बांधून विकण्याची कायदेशीर जबाबदारी घेणारा म्हणून, कोणाची सही आहे, ते पाहा. सरकारी संस्था लोकांना घरं विकत असेल, तर रेरा कायद्याने (घरबांधणी आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा) तीही प्रवर्तक ठरते. म्हणून प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर ताबा देण्याची नोंदलेली तारीख स्वतः बघा. करार नोंदणीकृत होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

योजनेच्या पहिल्या टप्प्यात अशा भागीदारीतल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा 1 लाख असं अडीच लाखांचं अनुदान आहे. ते तुमच्या खात्यात जमा होत नाही. 40, 40 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी ते प्रकल्पाकडे जातं. म्हणून करारातली किंमत अनुदान वजा करून लिहिली आहे की वजा व्हायची आहे, हे लेखी विचारा. बँकेचा हप्ता त्यावरच ठरेल. घर तुमच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या. योजनेचा तसा नियमच आहे.

प्रश्न : सरकार आणि बिल्डर यांच्यात गरिबांच्या घरांसाठी झालेला एखादा तरी करार अक्षरशः पाळला गेला आहे का? मला तर आता विश्वासच उरलेला नाही. (निवृत्त शिक्षक, मुलुंड)

सर, तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या पवईचंच उदाहरण घेतो.

1986 साली राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालक-विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जमीन सुमारे 230 एकर. भाडेपट्टा 80 वर्षांचा, दर हेक्टरी 1 रुपया. एवढ्या नाममात्र दराच्या बदल्यात काय द्यायचं, हे करारात लिहिलेलं होतं. घरं 40 आणि 80 चौरस मीटरचीच बांधायची, म्हणजे साधारण 430 आणि 860 चौरस फुटांची. त्यांतली 15 टक्के घरं सरकारला 135 रुपये चौरस फूट दराने द्यायची. पवईत पुढे काय उभं राहिलं ते तुम्ही रोज पाहता. छोट्या घरांच्या भिंती पाडून, शेजारशेजारची घरं जोडून प्रशस्त फ्लॅट झाले. प्रकरण जनहित याचिकांमधून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यायालयाने बजावलं की ही छोटी घरं बांधून झाल्याशिवाय तिथे दुसरं बांधकाम नाही. 40 चौरस मीटरची दीड हजारांवर घरं आणि 80 चौरस मीटरची जवळपास तितकीच.

करारापासून त्या आदेशापर्यंत 26 वर्षं गेली. करार झाला तेव्हा ज्याने लग्न करून स्वतःच्या खोलीचं स्वप्न पाहिलं असेल, त्याची मुलं तोवर लग्नाची झाली.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो. करारात माप होतं, दर होता, सरकारचा वाटा होता. 'आधी छोटी घरं, मग बाकीचं' हा क्रम मात्र प्रत्यक्षात आला तो न्यायालयाच्या आदेशाने. म्हणून आज कोणत्याही शहराचा असा करार हातात आला की घर किती फुटांचं, हे मी नंतर बघतो. त्याआधी बघतो की कोणती इमारत आधी पुरी करायची आहे आणि ती पुरी न करता दुसरीची विक्री सुरू करता येते का. 'दोन्ही बांधकामं एकाच वेळी' असं मोघम लिहिलेलं असेल तर ते बंधनच नव्हे.

विश्वास उरला नाही म्हणता, तर वरळीची बीडीडी चाळ बघून या. 160 चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे म्हाडा स्वतः विकासक आहे आणि बांधणारे कंत्राटदार. उशीर तिथेही झाला, पण चाव्या आधी चाळकऱ्यांच्या हाती पडल्या.

प्रश्न : आई सत्तर वर्षांची, झोपडीत एकटी राहते. बिल्डरची माणसं झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेच्या संमतीपत्रावर सहीसाठी रोज दारात उभी. 'निम्म्यांनी सह्या केल्यात, तुम्ही नाही केली तर घर जाईल' म्हणतात. काय करू? (नोकरदार महिला, घाटकोपर)

आई पात्र असेल तर आज सही केली नाही म्हणून तिचं घर लगेच जात नाही; शेवटपर्यंत योजनेत सामील झाली नाही, तर मात्र हक्क जाऊ शकतो. तिची पात्रता परिशिष्ट-2 वरून, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीवरून ठरते, बिल्डरच्या वहीवरून नाही. त्या यादीत आईचं नाव, झोपडीचा क्रमांक आणि 'पात्र' हा शेरा, तिन्ही बरोबर आहेत का, हे आधी बघा. चूक असेल तर हरकत आत्ताच नोंदवा. इमारत उभी राहिल्यावर ही दुरुस्ती करून घेताना फार हाल होतात.

योजनेला आता 51 टक्के संमती पुरते, त्यामुळे निम्म्या सह्यांची गोष्ट खरी असू शकते. तितक्या सह्या झाल्या की योजना सर्वांना लागू होते, आईलाही. म्हणून सही अडवून धरण्यापेक्षा सहीआधी काय पदरात पाडून घ्यायचं, याचा विचार करा. भाडं देणार म्हणतात, तर कोणाकडे भरलं आहे ते विचारा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या 2022 च्या परिपत्रकानुसार विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ प्राधिकरणाकडे जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश द्यायचे. त्याची पावती बघितल्याशिवाय झोपडी रिकामी करू नका. पहिले चार महिने भाडं हातात आणि मग फोन बंद, अशी माणसं मी इतकी पाहिली आहेत की ही एक ओळ लिहिताना हात आवरत नाही.

विक्रीच्या इमारतीची बांधकाम परवानगी पुनर्वसनाच्या बांधकामाच्या प्रमाणात सोडायची, असा नियम आहे. पवईत ज्याची वाट पाहावी लागली तो क्रम इथे नियमातच आहे. तो पाळला जातो आहे का, हे तुमच्या सोसायटीच्या कमिटीने दर तीन महिन्यांनी माहिती अधिकारात विचारायला हवं. विकासक काम सोडून बसला, तर 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) खाली त्याला काढून टाकता येतं. त्यासाठीही हीच कागदपत्रं लागतात.

प्रश्न : तीनशे फुटांत आम्ही पाच जण. लोक म्हणतात फुकट मिळालंय, तक्रार कसली करता? (पुनर्वसन वसाहतीतील रहिवासी, गोवंडी)

तक्रार करा. फुकट घर म्हणजे फुकट श्वास नव्हे.

झोपु योजनेतल्या घरांचं माप 225 वरून 269 आणि मग 300 चौरस फूट झालं. माप वाढलं याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर एका हेक्टरवर किमान 650 घरं बसवायची, ही अटही आली. मग इमारती उंच होतात आणि एकमेकींना खेटतात. तुमच्याच भागातल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी मिळून केला. तो 2018 मध्ये समोर आला. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. तिथे क्षयरोगाचं प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी पट जास्त आढळलं. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नव्हता. घरं तिन्हीकडे लहानच, मुख्य फरक होता तो बाहेर सोडलेल्या जागेचा.

म्हणून नकाशा दाखवायला कोणी आलं की खोलीच्या आधी खिडकीवर बोट ठेवा. ही खिडकी आकाशाकडे उघडते की डक्टमध्ये? समोरची भिंत किती फुटांवर? जिन्याबाहेरच्या लांब पॅसेजला दोन्ही टोकांना उजेड आहे का? दुपारी बारा वाजता दिवा न लावता मूल अभ्यास करू शकेल का? मी शिकाऊ वास्तुरचनाकार होतो तेव्हा हे शेवटचं वाक्य आमच्या साइटवरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला ऐकवलं होतं. त्याहून सोपी कसोटी मला आजवर सापडलेली नाही.

घर मिळूनच गेलं असेल, तर निदान खिडकीला बाहेरून पेटारा किंवा पत्रे लावू नका, घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिथे अंगणात ठेवता येतील अशी 'टायनी होम्स' गरिबांना देतात म्हणे. आपल्याकडे का नाही? (वाचक, कोल्हापूर)

देतात. डेट्रॉइटमध्ये एका समाजसेवी संस्थेने शहराकडून ओसाड पडलेले भूखंड घेऊन 250 ते 400 चौरस फुटांची सुटी घरं बांधली. भाडं महिन्याला चौरस फुटामागे 1 डॉलर, आणि सात वर्षं नीट भरलं की घर राहणाऱ्याच्या मालकीचं. माप आपल्या झोपुच्या घराएवढंच आहे बघा! पण डेट्रॉइटमधून लोक निघून गेल्याने जमीन पडून आहे. मुंबई-पुण्यात घराच्या किमतीत खरा वाटा जमिनीचाच, तिथे सुटं घर परवडत नाही. सात वर्षांनी मालकी देणारं भाडं ही कल्पना मात्र आपल्या लहान शहरांनी जरूर उचलावी.

प्रश्न : आम्हाला मिळणारं घर गावापासून दहा-बारा किलोमीटर लांब आहे. स्वस्त आहे, पण जावं का? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

दादा, तुमच्या सोलापुरातच याचं उत्तर आहे. कुंभारीत आधी विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली, 10 हजार घरांची. मग असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचं रे नगर आलं. त्यांतल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. ही वस्ती गावाबाहेरच आहे. पण विडी घरातच वळतात. विडी वळणाऱ्या बाईचं घर हीच तिची कामाची जागा, त्यामुळे घर हललं तरी काम सुटत नाही. शिवाय घर घेणारे कामगार आधी संघटित होते, सोसायट्या त्यांच्या होत्या. पाणी-रस्त्यासाठी भांडायला कोण जाणार, हे ठरलेलं होतं.

तुमचा माग मात्र घरी येणार नाही. रात्रपाळी सुटल्यावर बस आहे का, तिचं महिन्याचं भाडं किती, मुलांची शाळा कुठे, हे सगळं कर्जाच्या हप्त्यात मिळवा. बेरीज आजच्या खोलीच्या भाड्यापेक्षा बरीच जास्त येत असेल तर घाई नको.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात ताबा मिळणार. काय बघू? (वाचक, ठाणे)

भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणाऱ्या कागदाची, प्रत मागा. ती नसेल तर चावी घेऊ नका. मोजायची टेप न्या आणि भिंतीच्या आतल्या बाजूने प्रत्येक खोली मोजा. 30 चौरस मीटर म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंती या मापात धरतात, तेवढा थोडा फरक दिसेल. बाल्कनी धरत नाहीत. सगळे नळ एकदम सोडून संडास-मोरीचं पाणी कुठे तुंबतं ते पाहा. भिंतीवर ओल किंवा तडा दिसला तर फोटो काढून त्याच दिवशी लेखी कळवा. विकलेल्या घरात ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करणं प्रवर्तकावर बंधनकारक आहे. पत्राच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.