अमेरिकी लष्करात कृष्णवर्णीय नर्सना बरोबरीचा प्रवेश कोणी मिळवून दिला?

मुख्य श्रेय मेबल स्टॉपर्स यांचं. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या (१८९०) या नर्स १९३४ पासून कृष्णवर्णीय नर्सच्या राष्ट्रीय संघटनेचं काम बघत होत्या. १९४१ मध्ये लष्करानं घेतल्या फक्त ५६ कृष्णवर्णीय नर्स. पुढे काहींना चक्क जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला जुंपलं! जानेवारी १९४५ मध्ये लष्कराच्या वैद्यकीय विभागाचे प्रमुख (सर्जन जनरल) म्हणाले, नर्स कमी पडताहेत, सक्तीची भरती करावी लागेल. बाईंनी भर सभेत उठून विचारलं, मग आमच्या मुली का घेत नाही? निषेधाच्या तारांचा खच पडला आणि त्याच महिन्यात नर्स घेताना वर्णाची अट गेली. अर्थात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांची मदत होतीच, आणि लष्करातला एकूण वर्णभेद संपवण्याचा आदेश निघाला थेट १९४८ मध्ये. स्टॉपर्स ९९ वर्षं जगल्या.