फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का? दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, अजिबात नाही. पहिल्याकडे नंतर येते, कारण हा दुसरा विषय माझ्या चांगलाच डोक्यात गेलेला आहे.

आमच्या घरात बॅटरी हा थोरल्या भाऊजींचा प्रांत. नवा फोन आला की तो बंद करून रात्रभर चार्जिंगला लावायचा, मग पूर्ण मरेपर्यंत वापरायचा, आणि हे सगळं परत एकदा. सासूबाईंचा फोन कायम धुगधुगीवर, कारण "मध्येच लावलं की बॅटरीला सवय लागते." त्या बाहेर गेल्या आणि आपण फोन केला की हमखास बंद. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पॉवर सप्लायच्या सर्किटांवर नोकरी केली. पण "पुस्तकातलं वेगळं आणि अनुभव वेगळा" एवढं म्हटलं की भाऊजींच्या लेखी माझी पदवी संपली.

आता त्यांचा अनुभव अगदीच हवेतला नव्हता. जुन्या निकेल-कॅडमियम सेलना खरोखर खोड असायची. कायम अर्धवट उतरवून भरल्या की त्या अर्ध्यावरच मान टाकायच्या. पण 1991 साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, पुढे फोन-लॅपटॉप सगळे तिच्यावर गेले, आणि ह्या बॅटरीला व्यवहारात तसली सवय लागत नाही. उलट रोज तळ गाठायला लावलं तर ती लवकर थकते. 100 वरून 50 वर आणून परत भरली, असं दोनदा केलं तर मिळून एकच सायकल, म्हणजे पूर्ण भरण्या-उतरण्याची एक फेरी, मोजली जाते, त्यामुळे मध्येच चार्जर लावला म्हणून आयुष्य कमी होत नाही.

मग लॅपटॉपचं प्रकरण झालं. भाऊजींचा लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला, तोही गादीवर, रजईत खुपसलेला. "लॅपटॉपचं गणित वेगळं असतं." एक दिवस ट्रॅकपॅड क्लिक होईना. आधी व्हायरस झाला म्हणाले, मग ड्रायव्हर काढून परत टाकला, मग वेगळा माऊस आणून जोडला आणि विषय संपवला. मी सहज तो टेबलावर ठेवला तर डुगडुगत होता. ट्रॅकपॅडवर आडवी पट्टी धरली, तर मधोमध टेकत होती आणि दोन्ही टोकांना फट. तेव्हाच कळलं. बंद करून, चार्जर काढून, खालचे स्क्रू सोडवले. शेवटचा स्क्रू सुटताच झाकण आपोआप वर आलं. आतले दोन सेल उशीसारखे फुगलेले, वरचं रुपेरी पाकीट इतकं ताणलेलं की त्यावर सुरकुती नाही.

भाऊजींनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "बघ. मी सांगत होतो ना, दर आठवड्याला पूर्ण उतरवायला हवी होती."

तर कारण ऐका. पूर्ण भरलेल्या सेलवर 4.2 व्होल्टच्या आसपास ताण असतो, नव्या फोनांत त्याहून जरा जास्त. इतक्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं रासायनिक द्रावण, हळूहळू बिघडत राहतं, आणि उष्णता मिळाली की ते काम जोरात चालतं. त्यातून वायू होतो, वायूला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पाकीट फुगतं. 100 टक्के आणि गरम, ही जोडी वाईट. रजईने लॅपटॉपचा वारा बंद केला होता आणि चार्जर त्याला 100 वरून हलू देत नव्हता. बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास थांबायची सोय असते. ती चालू करा, मग खुशाल चार्जर लावून काम करा.

आता तुमचा पहिला प्रश्न. रात्रभर लावल्याने बॅटरी "ओव्हरचार्ज" होत नाही. चार्जिंगचं नियंत्रण करणारं सर्किट फोनच्या आत असतं, बॅटरी भरली की ते प्रवाह थांबवतं. म्हणूनच चांगल्या प्रतीचा जास्त वॉटचा चार्जर लावला तरी फोन स्वतःला हवं तेवढंच घेतो. झीज होते ती पहाटेपर्यंत 100 वर बसून राहिल्याने, आणि ती थोडीच. फोनमधली 80 टक्क्यांची मर्यादा किंवा रात्रीचं सावकाश चार्जिंग चालू करा आणि झोपा. फक्त उशीखाली ठेवू नका, जाड कव्हर गरम होत असेल तर काढा. दिवसभर पुरत नसेल तर 100 करा, बॅटरी वापरण्यासाठीच असते. टक्के बघत बसणाऱ्यांचाही मला तितकाच वैताग आहे.

काही गोष्टी राहिल्या. जुना फोन कपाटात टाकायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. भाऊजींनी "जपून" पूर्ण उतरवून ठेवलेला टॅब पुन्हा सुरूच झाला नाही, कारण पडल्यापडल्या सेल आणखी खाली जातो आणि मग संरक्षक सर्किट चार्जिंग घेऊ देत नाही. गोठणबिंदूच्या खाली चार्जिंग करू नका, लिथियम धातूच्या रूपात सेलच्या आतल्या ग्राफाइटच्या थरावर साचतं आणि बॅटरी खराब होते. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घरच्या कचऱ्यात नको. वरचं स्क्रू सोडवणं मला सवयीचं आहे, तुम्हाला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आणि हो, फोन 20 टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल तर एकदा पूर्ण उतरवून सलग 100 पर्यंत भरून बघा. त्याने टक्के मोजणारा मीटर कधीकधी ताळ्यावर येतो. बॅटरी सुधारत नाही. हे वाक्य खास भाऊजींसाठी, कारण त्यांना हा परिच्छेद कोणीतरी पाठवणारच.