‘नंतर सांगतो’ म्हणालात, त्याला सात वर्षं झाली

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३७ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो, बँकेत नोकरीला आहे. व्यसन कसलंही नाही. नाद एकच, सुपरहिरोंच्या चित्रपटांचा, त्यातही सगळे हिरो एकत्र येतात अशा टीम-अपचा. शाळेत असताना रद्दीच्या दुकानातून कॉमिक्स आणायचो तेव्हापासूनचा. २०१२ चा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ थिएटरात चार वेळा पाहिला. बायको मात्र या सगळ्यांना ‘वरून चड्डी घालणारे’ म्हणते. माहेरी सांगते, ‘आमच्याकडे दोन मुलं आहेत, एक पाच वर्षांचा आणि एक सदतीसचा.’ मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. ‘एंडगेम’पर्यंतचे मार्व्हलचे २२ चित्रपट कोणत्या क्रमानं पाहायचे याची एक्सेल शीट करून पाठवली, तर अंगठा दाखवून मोकळी. (लग्नानंतर दोन महिन्यांनी ‘एंडगेम’ला नेलं होतं. ऐन मोक्याला कानाशी येऊन विचारते, ‘त्यानं हातोडा उचलला तर एवढ्या शिट्ट्या कशाला?’ म्हटलं, नंतर सांगतो. मूड जातो हो.) मुलाला मात्र सगळी नावं पाठ आहेत. आता १८ डिसेंबरला याच मालिकेतला ‘डूम्सडे’ येतोय. आपला आयर्न मॅन, रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, तोही डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून! मी रजा टाकणार, आणि नेमका त्याच दिवशी तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा. घरात अबोला आहे. आपल्या आवडीचा थोडा मान राखावा, एवढीही अपेक्षा करू नये का? हिला कसं समजावू?

– एक वाचक, डोंबिवली

(पत्र बरंच लांब होतं, कात्री मी लावली आहे. कंस मात्र तुमचाच.)

अहो, त्या कंसापाशीच मी अडकले. तीन पानांच्या पत्रात बायकोच्या टोमण्यांना दीड पान, डॉक्टर डूमला पाऊण पान, आणि तिनं स्वतःहून विचारलेल्या एकुलत्या एका प्रश्नाला कंसातल्या तीन ओळी. त्याही कशासाठी, तर तिला काही गम्य नाही हे मला पटावं म्हणून.

मला ते पटलं नाही. हातोड्याचं मलाही काही कळलं नव्हतं, म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलाला बोलावलं. त्यानं पोहे खाता खाता मोबाइल काढला आणि मला दोन तुकडे दाखवले. पहिला २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मधला. पार्टी आटोपत आलीय, मंडळी सैलावून बसलीत, टेबलावर थॉरचा हातोडा. जो पात्र असेल त्यालाच तो उचलता येतो, अशी त्याची अट. मग पैज लागते. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, जोर लावतो, मित्राला मदतीला घेतो, दोघं लोखंडी पंजे चढवून ओढतात. हातोडा ढिम्म. मग कॅप्टन अमेरिका उठतो, बाह्या सरसावतो, ओढतो. आणि तो हातोडा किंचित, अगदी तांदळाएवढा, सरकतो. ‘आता थॉरकडे बघा आजी,’ मुलगा म्हणाला. थॉरचं हसू मावळलेलं होतं. कॅप्टननं पुढे ओढलं नाही, थॉरला हायसं वाटलं, सगळे हसले, विषय संपला.

दुसरा तुकडा चार वर्षांनंतरचा, तुमच्या ‘एंडगेम’मधला. थॉर जमिनीवर पडलाय, त्याचीच कुऱ्हाड थॅनोस हा खलनायक त्याच्या छातीत रुतवतोय. मागे हातोडा हवेत उचलला जातो, थॅनोसला हाणतो आणि परत जातो तो कॅप्टनच्या हातात. आणि थॉर, जो मरायला टेकलाय, तो ओरडतो की मला ठाऊकच होतं! स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या हातात पाहून त्याला आनंद झालाय. पासष्टीची मी, माझ्या घशाशी काहीतरी आलं. मुलानं बशी सिंकमध्ये ठेवली आणि तो क्लासला गेला. सगळं मिळून दहा मिनिटं.

तर एवढ्या शिट्ट्या त्यासाठी होत्या. तीन तास एक मिनिटाच्या त्या चित्रपटात विचारण्यासारखा प्रश्न जर कुठला असेल तर तो हाच होता, आणि तो तुमच्या बायकोनं विचारला. दोन महिन्यांची नवी नवरी. २६ एप्रिल २०१९ चा तो आठवडा मलाही आठवतो, सोमवारी मतदान होतं आणि तरी पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. अशा ओरडणाऱ्या गर्दीत ती अंधारात बसलीय, सगळ्यांना काहीतरी कळलंय आणि आपल्याला नाही हे तिच्या बरोबर लक्षात आलंय. घड्याळ बघत नाही, मोबाइल काढत नाही. तुमच्या कानाशी येऊन विचारते. हातोडा दिसला का, कोणी उचलला ते कळलं का, तर हो, दोन्ही कळलेलं होतं. अडली होती फक्त ‘का’पाशी.

आणि तुम्ही म्हणालात, नंतर सांगतो. तिथं त्या क्षणी म्हणालात याबद्दल माझी तक्रार नाही, पडद्यावर काय चाललं होतं ते मी आता पाहिलंय. पण मध्यंतरानंतरचा तो सीन, पुढे घरी यायला रिक्षा असेल, लोकल असेल, रात्रीचं जेवण, दुसरा दिवस शनिवार. त्यानंतर सात वर्षं. तुम्ही २२ चित्रपटांची यादी बनवलीत, रकाने रंगवले असणार, फेज पाडल्या असणार. तिला हवं होतं एक उत्तर आणि तुम्ही तिला अभ्यासक्रम पाठवलात. अंगठा दाखवला म्हणून रागावताय? मी तर फोनच बंद केला असता.

एक सांगा, मुलाला सगळी नावं पाठ आहेत म्हणता. त्याला पाठवली होतीत का एक्सेल? नाही ना. ‘बाबा, हा हिरवा का होतो?’ म्हणाला असेल, तुम्ही सांगितलं असेल की राग आला की होतो. झालं, पोरगा आत आला.

आणि तुमचं स्वतःचं काय? रद्दीच्या दुकानातून आणायचात ना? तिथं कुठे अंक एकपासून ओळीनं मिळतात? किलोच्या भावातला मधलाच कुठला तरी अंक, मुखपृष्ठ गेलेलं, शेवटी ‘क्रमशः’ आणि पुढचा अंक जन्मात हाती लागायचा नाही. माझा भाऊ वेताळाची इंद्रजाल कॉमिक्स अशीच आणायचा, अर्धी वाचलेली, कडेला कोणीतरी हिशेब मांडलेले. वेताळाच्या ठोशानं गुंडाच्या गालावर कवटी का उमटते, हे मला त्यानं जिन्यात बसून एका वाक्यात सांगितलं होतं, कारण त्याच्या अंगठीवर कवटी असते. तेवढ्यावर मी पुढची सहा वर्षं वाचली. मार्व्हलच्या जुन्या अंकांत तर याची सोयच असायची. एखादं पात्र मागचं काही बोललं की शब्दावर चांदणी आणि चौकटीच्या तळाशी संपादकाची बारीक टीप, की हे अमुक अंकात घडलं. वाचणारा आजच आला असेल, हे छापणाऱ्याला ठाऊक असायचं. तुम्ही अशा टिपांच्या बोटाला धरून या नादात शिरलात आणि आता दारात उभं राहून बायकोकडे २२ तिकिटं मागताय.

आता टोमण्यांचं. ‘वरून चड्डी घालणारे’ ऐकून तुम्हाला लागतं, लागणारच. पण थट्टा कुठून सुरू होते ते मी अनुभवानं सांगते. आमच्याकडे नाद गाण्याचा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे मला सवाई गंधर्वला घेऊन गेले, रमणबागेत. डिसेंबरची थंडी, मी शाल गुंडाळून बसलेली. गाता गाता एका ठिकाणी सगळा मंडप एकदम ‘आहा’ म्हणाला, यांची मानही हलली. मी विचारलं, ‘आत्ता काय झालं?’ हे म्हणाले, ‘श्श.’ मग पुन्हा विचारलं नाही. पण पुढच्या वर्षापासून घरी रेकॉर्ड लागली की मी म्हणायला लागले, ‘लागलं का तुमचं आ-ऊ?’ सगळे हसायचे. हे चिडायचे. जिथं आपल्याला आत घेत नाहीत तिथं दाराबाहेरून खडे मारण्यात मोठी मजा असते, साहेब. आणि यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की हिला गाण्याचं अंगच नाही.

अंग होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, त्याच मंडपात, शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं माझ्या मांडीवर हलकेच बोट टेकवलं आणि म्हणाली, ‘बघा हं, आता समेवर येतील.’ आले. तबल्याचा ‘धा’ आणि तिचं बोट एकाच वेळी पडलं. तेव्हा मला कळलं मंडप ‘आहा’ का म्हणतो. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही. यांना मी हे कधी सांगितलं नाही, तेवढा राग माझ्यात उरला होता.

म्हणून सांगते, तुमची बायको सात वर्षं टोमणे मारतेय, त्या अर्थी अजून दारातच उभी आहे. टोमणे थांबले की समजा, गेली.

टीम-अपचं एवढं वेड आहे तर तुम्हाला ठाऊक असेलच, पण आठवण करून देते. वेगवेगळ्या गोष्टींतले हिरो संघ म्हणून पहिल्यांदा एकत्र आले ते १९४० मध्ये, ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात. जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन अशी मंडळी. अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक १९६३ चा, म्हणजे हे त्यांच्या २३ वर्षं आधीचं. तर त्या पहिल्यावहिल्या भेटीत हे वीर करतात काय? टेबलाभोवती जेवायला बसतात, आणि एकेक जण आपापली गोष्ट सांगतो. बाकीचे ऐकतात. मला हे वाचून फार हसू आलं. मुखपृष्ठावरही मारामारी नाही, गोल मांडलेल्या खुर्च्या आहेत.

आता काय करायचं ते ऐका. आज रात्री, मुलगा झोपला आणि ओटा आवरून झाला की तिच्या शेजारी बसायचं आणि म्हणायचं, ‘हातोड्याला शिट्ट्या का वाजल्या ते सांगायचं राहिलं होतं.’ आणि ते सांगायचं. २०१५ चा पार्टीचा तुकडा, मग २०१९ चा. पार्टीत फक्त एवढंच म्हणा, ‘आता थॉरचा चेहरा बघ.’ मग गप्प. ही युक्ती नववीतल्या मुलाची आहे, फुकट देतेय. अबोला आहे म्हणून थांबू नका, अबोल्यात बोलायला याहून बरा विषय तुम्हाला सापडणार नाही.

एक्सेल उघडायची नाही. कॉमिकमध्ये कॅप्टननं हा हातोडा १९८८ मध्येच उचलला होता, हे तुमच्या जिभेवर येईल, गिळा. ती विचारेल तर सांगा. ‘पण खरं तर यासाठी तू आधी थॉरचा पहिला भाग पाहायला हवास’ हे वाक्य तोंडातून निघालं तर मला पुन्हा पत्र लिहू नका. तिला आवडेल का, पुढचे चित्रपट पाहील का, डिसेंबरमध्ये बरोबर येईल का, यातलं काहीही मनात धरून बसू नका. तुमच्याकडे उत्तराची उधारी आहे ती फेडायची, गिऱ्हाईक जोडायचं नाही. मध्येच जांभई आली तिला, तर येऊ दे. दिवसभर घर आणि पोर सांभाळणाऱ्या बाईला अकरा वाजता जांभई येते, त्यात कॅप्टनचा अपमान नसतो.

ती म्हणेल, ‘आज एकदम कसं आठवलं?’ तर माझं नाव सांगू नका. तिच्याबद्दल तीन पानं बाहेर लिहून पाठवलीत हे कळलं तर हातोडा तिच्याही हातात येईल.

राहिला १८ डिसेंबरचा तुमचा मूळ प्रश्न, ज्यासाठी तुम्ही टपालाचा खर्च केलात. शुक्रवार आहे. तुमचा पहिला शो सकाळी. साखरपुडा किती वाजता, ते तीन पानांत कुठेही लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्ही तिला विचारलेलंच नाही. आपल्याकडे साखरपुडे बहुतेक संध्याकाळचे असतात, हॉल तेव्हाच मिळतो. सकाळी नऊचा चित्रपट बारा-साडेबाराला सुटतो, घरी येऊन अंघोळ करून, कुर्ता घालून, मिठाईचे बॉक्स रिक्षात चढवायला तुम्ही सहज मोकळे असाल. विचारा तिला वेळ. आणि तिथं कोणा मेव्हण्याला चित्रपटाचा शेवट सांगत बसू नका.