ख्रिस्ती माणसाने रस्त्यावर राहणाऱ्यांना मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय, नाशकात नाताळला मंडळीतर्फे (चर्चतर्फे) रस्त्यावरच्या लोकांना चादरी वाटायच्यात, पण काही वडीलधारे म्हणतात, "हे लोक चादर विकून दारू पितात."

काही जण विकतात, खरं आहे. म्हणजे चादरीपेक्षा निकडीचं काहीतरी त्यांना हवं होतं. दारू असेल, औषध असेल, गावाचं तिकीट असेल. आपण विचारलेलंच नसतं.

आम्हीही विचारलं नव्हतं. आमचा तरुण संघ दर शुक्रवारी परळला खिचडी घेऊन जायचा. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. कुणी आठवडाभर, कुणी कित्येक महिने. त्यांच्या पलीकडे वर्षानुवर्षं रस्त्यावरच संसार मांडलेली कुटुंबं. एकदा जालन्याकडच्या एका मावशींनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "दादा, आज ही चौथी खिचडी. मोबाईल तेवढा चार्ज करून देता का? लेकरू गावाकडं एकटं हाय." तेव्हा जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. चार मंडळांपैकी एकानेही चार्जर आणला नव्हता.

त्यानंतर बायबलातल्या मार्क १० मधली बार्तीमयची गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी, हाका मारतोय, लोक त्याला गप्प करतायत. त्याला काय हवंय हे कुणालाही दिसलं असतं. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? शिवाय या भिकाऱ्याचं नाव शुभवर्तमानात आहे, बापाचंही आहे. आमच्या खिचडीच्या वहीत फक्त डब्यांचा आकडा असायचा.

दुसरी गोष्ट जरा अडचणीची आहे. मत्तय २५ आपल्याला पाठ असतं: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र. यात तान्हेल्याच्या लगेच पुढे परका येतो, त्याला घरात घेणं येतं, आणि ते आपण पटकन वाचून पुढे सरकतो. आमचा हॉल रात्रभर कुलपात असतो. पावसाळ्यात तो उघडावा म्हणून दोन वर्षं कमिटीत बोलणं चाललंय. चोरी होईल, सोसायटी तक्रार करेल, सकाळी कोण झाडणार... सगळी कारणं खरी आहेत, आणि माझ्याही घराचं दार मी कुणाला उघडलेलं नाही. शेवटी आवारातला नळ आणि संडास सकाळी सहा ते आठ उघडे ठेवायचं ठरलं. एवढंसंच. पण फुटपाथवरच्या बायका रात्री जायला जागा नाही म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कळल्यावर त्याची किंमत कळली.

(हे सगळं फक्त आपल्याच ग्रंथात आहे असं समजू नका. गाडगेबाबांची दशसूत्री मत्तय २५ शेजारी ठेवून वाचा. त्यांनी बेघरांना आसरा असं सरळ सांगून टाकलं आणि धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात. आम्ही बऱ्याच जणांना तिकडेच पाठवतो.)

येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानेही (शोमरोनच्या प्रवाशानेही) वाटेत पडलेल्या जखमी माणसाची सेवा एकट्याने केली नाही. त्याला उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि परत येतो म्हणाला. तेव्हा तुमच्या शहरातला पालिकेचा बेघर निवारा कुठे आहे, बायकांना घेतात का, कुटुंबाला एकत्र राहू देतात का, हे चादरींच्या आधी शोधा. दर लाख शहरी वस्तीमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश २०१० पासून आहेत. नसेल तर मंडळीच्या लेटरहेडवर पालिकेला विचारता येतं. आधार आणि रेशनकार्डासाठी कुणीतरी सोबत चकरा मारल्या, तर त्याचा उपयोग शंभर डब्यांहून जास्त होतो. आणि "यांना उचला" म्हणून पोलिसांना फोन करू नका. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतोय, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो.

डब्यासोबत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटू नका. ज्याला जेवण हवंय तो पत्रिकेला नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर त्या हो ला अर्थ नाही. कुणी आपणहून प्रार्थना करा म्हणालं तर जरूर करा. फोटो मात्र अजिबात नकोत.

चादरी वाटायच्या तर वाटा, नाशकातली थंडी मी पाहिली आहे. फक्त आठवडाभर आधी दोघं-तिघं रात्री जा, नावं विचारा आणि दिवसा सामान कुठे ठेवता तेही विचारा. पालिकेची गाडी आली की बाकी सामानाबरोबर चादरही जाते. आमच्याकडे लोकांनी चादरीऐवजी ताडपत्री आणि दोरी मागितली होती, तीही जूनच्या आधी.